भैरव देवगावकरचा बाप

भैरव देवगावकरचा तो एकुलता एक शर्ट मी अकरा वेळा शिवला.

तुम्ही पाहिला असेल. फिकट निळा, बाह्या दुमडलेल्या, डाव्या खांद्यावर गुलाबी ठिगळ. कॉलेजात असताना अंगावर घालायला हा एकच शर्ट होता, ठिगळ आईच्या लुगड्याचं आहे, असं तो प्रत्येक मुलाखतीत सांगायचा. ठिगळ माझ्या जुन्या ओढणीचं होतं. शर्टाचं कापड मी शहागंजच्या बाजारातून आणायची, नवं कोरं. मग ते चहाच्या पाण्यात उकळायचं, चार दिवस गच्चीवर उन्हात टाकायचं, कॉलरवर पॉलिश पेपर घासायचा. माझे अब्बा जन्मभर शिंपी. त्यांच्याच मशीनवर मी हे करायची आणि त्यांचा जीव वरखाली व्हायचा.

"इत्ता अच्छा कपडा, कैकू फाड रई गे?"

"हिरो का है अब्बा."

"हिरो का है तो अच्छा सीना नै क्या?"

अब्बांना काय सांगणार? त्या हिरोला चांगलं शिवलेलं चालत नव्हतं.

त्याचं खरं नाव प्रवीण दत्तात्रय सोनवणे. बजाजनगरचा. वडील वाळूजच्या एका कंपनीत फिटर, कायम नोकरीवर. स्वतःचं घर, खाली दोन खोल्या, वर एक. कॉलेजात आमच्या वर्गात पँटीला इस्त्रीची धार असलेला हा एकच मुलगा. त्याचे वडील, ज्यांना सगळी गल्ली अण्णा म्हणायची, पहिल्या पाळीला जायच्या आधी पोराचे कपडे इस्त्री करून खुर्चीवर टाकून जायचे. प्रवीण बारावीत असताना आई गेली. त्यानंतर अण्णा स्वयंपाकही शिकले. मी त्यांच्या हातची मेथीची भाजी खाल्लेली आहे. गल्लीतले लोक गावाला जाताना घराच्या किल्ल्या अण्णांकडे ठेवायचे. हा माणूस असा होता, एवढं लक्षात ठेवा, कारण पुढं सगळ्या महाराष्ट्राला तो वेगळाच माहीत झाला.

कॉलेजात आमचा नाटकाचा ग्रुप होता. मी कपडेपट बघायची, प्रवीण काम करायचा. आवाज खणखणीत, उच्चार स्वच्छ, पाठांतर असं की दुसऱ्यांची वाक्यंसुद्धा त्याला येत. एका स्पर्धेत परीक्षकांनी सगळ्यांसमोर सांगितलं, "ह्या मुलाचं सगळं नीट आहे, पण अंगाला माती लागलेली नाही. आयुष्यात काही सोसलेलं दिसत नाही." त्या दिवशी तो सभागृहाच्या पायऱ्यांवर बसून राहिला. मी चहा घेऊन गेले.

"नसीम, माझ्याकडं काहीच नाही गं," तो म्हणाला. "सांगण्यासारखं काही घडलंच नाही मला."

"शुकर कर," मी म्हणाले आणि हसले.

तो हसला नाही. ह्या शहरात सुखानं वाढलेली पोरं हजारो असतील, पण ह्याला आपलं सुखाचं बालपण लाजेसारखं वाटायला लागलं. एखाद्याला आपल्या काळ्या रंगाची किंवा आखूड बोटांची लाज वाटावी तसं.

सुट्टीत तो मामाकडे देवगाव रंगारीला गेला. लहानपणी दोन-चार दिवसांच्या वर कधी राहिला नव्हता, ह्या वेळी महिनाभर राहिला. परत आला तेव्हा त्याचं चालणं बदललेलं होतं. डावा पाय थोडा ओढत चालायचा. मला वाटलं पडला असेल. मग मी काहीतरी विचारलं तर त्यानं आधी खांद्यावरच्या रुमालानं तोंड पुसलं, वर आभाळाकडं बघितलं आणि म्हणाला, "आपल्याला कोन इचारतंय?" आणि अर्धंच हसला. समोर प्रवीण नव्हताच.

"कोण आहे हा?" मी विचारलं.

"किसन तात्या," तो म्हणाला. "मामाकडचा सालगडी. बैलगाडीचं चाक पायावरून गेलेलं. महिनाभर त्याच्या मागं फिरलो."

त्या किसन तात्यावर तो पुढं पंधरा वर्षं जगला. पहिल्या सिनेमात त्यानं सालगड्याचंच काम केलं, कपड्यांसाठी मला बरोबर घेतलं. तोंड पुसणं, आभाळाकडं बघणं, "आपल्याला कोन इचारतंय?" थेटरात शिट्ट्या पडायच्या. रिक्षांच्या मागं ते वाक्य लिहिलेलं दिसायला लागलं. नाव बदललं, भैरव देवगावकर झाला. आणि बाकी सगळे सिनेमा संपला की भूमिका उतरवून ठेवतात, ह्यानं ती उतरवलीच नाही. रस्त्यात, लग्नात, उद्घाटनाला, पाय ओढत चालायचा. मंचावर "व्हय" आणि "नाय" बोलायचा, गाडीचा दरवाजा लागला की पुन्हा आमच्यासारखा, अर्धं मराठी अर्धं हिंदी. लोकांसमोर बुक्कीनं कांदा फोडून भाकरीबरोबर ठेचा खायचा, आणि मेकअपच्या व्हॅनमध्ये येऊन पोटावर हात दाबून पित्ताची गोळी घ्यायचा. तिखट त्याला कधीच सोसलं नाही. कांदा फोडायचा सराव त्यानं आमच्या दुकानात केला होता. अब्बांनी त्याच्या सुजलेल्या हाताला हळद लावली होती.

बोलण्याआधी तो किती थांबतो ते मी मोजायला शिकले होते. लहान प्रश्नाला एक श्वास, आईबापाच्या प्रश्नाला तीन. रडण्याचंही त्याचं गणित होतं. "आपण अर्धंच रडायचं नसीम. उरलेलं त्यांना रडू द्यायचं." हे तो मला स्वयंपाकाची कृती सांगावी तसं सांगायचा.

त्याची पहिली मोठी मुलाखत इथल्याच एका वाहिनीनं घेतली. मी कॅमेऱ्याच्या मागं सुईदोरा घेऊन उभी होते. विचारणाऱ्या बाईंनी विचारलं, "भैरवजी, इतका अस्सल अभिनय येतो कुठून? फार सोसलं असेल ना?"

तो गप्प झाला. का गप्प झाला ते त्या खोलीत फक्त मला माहीत होतं. सांगायला काही नव्हतं. मग त्यानं गमछ्यानं तोंड पुसलं, वरच्या दिव्याकडं बघितलं.

"बाप लई प्यायचा," तो म्हणाला. "पिऊन आला का आय मला पोत्याखाली लपवायची. पोत्याचा वास अजून नाकात हाये बघा."

बाईंचे डोळे भरून आले. कॅमेरामननं मान खाली घातली. खोलीतला पंखासुद्धा ऐकू यायला लागला.

गाडीत बसल्यावर त्यानं विचारलं, "कसं झालं?"

"चांगलं झालं," मी म्हणाले.

मी दुसरं काहीही म्हणू शकले असते. कारण त्या पोत्याची गोष्ट मला ठाऊक होती. अण्णांनीच सांगितली होती, त्यांच्या घरी, जेवताना. पिणारे अण्णांचे वडील होते. पोत्याखाली लपलेलं पोर म्हणजे अण्णा. म्हणून त्यांनी जन्मात दारू तर सोडाच, सुपारीचं खांड तोंडात टाकलं नव्हतं. प्रवीणनं बापाचं बालपण उचललं आणि त्यातल्या दारुड्याच्या जागी बापालाच उभं केलं.

दुसऱ्या दिवशी अण्णांचा फोन आला. "नसीम बेटा, ते टीव्हीवर प्रवीण बोलला, ते सिनेमातलं आहे का?"

"हो काका, सिनेमाचंच."

"मग ठीक आहे," ते म्हणाले.

नंतर एकदा मी प्रवीणला विचारलं, बापाचंच का? आईचं सांग, ती खरंच गेली आहे. तो म्हणाला, "आईचं सगळेच सांगतात. शर्टावर आहे तेवढी आई पुरे." आणि मग ते म्हणाला जे तो वरचेवर म्हणायचा, "लोकांना खरं नको असतं, ओळखीचं हवं असतं."

किसन तात्या एकदा त्याला बघायला आला. सिल्लोडच्या पुढं मक्याच्या शेतात शूटिंग चालू होतं. म्हातारा दोन जीपा बदलून आला होता, धुतलेलं धोतर, डोक्याला पांढरी टोपी. पाय ओढत बांधावरून येताना दिसला तशी युनिटमधली सगळी माणसं हसायला लागली.

"अरे बाबा, साहेबांची काय नक्कल करता! एक नंबर!" कुणीतरी ओरडलं. "परत चाला, परत!"

म्हातारा बावरला, मग खूष झाला. बांधाच्या ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत चालून दाखवलं. "डायलॉग बोला ना बाबा, आपल्याला कोन इचारतंय!" म्हाताऱ्यानं तोंड पुसलं आणि ते वाक्य म्हटलं. एक जण म्हणाला, "चालणं जमलंय, पण डायलॉगला साहेबांची मजा नाय."

मी व्हॅनमध्ये धावत गेले. प्रवीण पडदा बाजूला सारून काचेतून बघत होता.

"खाली ये," मी म्हणाले. "तुला भेटायला आलाय."

"त्याला पाठव," तो म्हणाला. "जेवायला घाल आणि पाठव. शेजारी शेजारी उभे राहिलो तर एका मिनिटात कळेल सगळ्यांना."

"काय कळेल?"

त्यानं पडदा लावून घेतला.

मी किसन तात्याला सांगितलं, साहेबांचं डोकं दुखतंय. तो म्हणाला, "व्हय व्हय, उन्हात काम हाये." जेवला नाही. जाताना मला हळूच विचारलं, "पोरी, माझं चालणं त्याच्यावानी हाय का गं?" मी काय बोलले ते मला आठवत नाही. पण रस्त्याकडं जाताना तो म्हातारा पाय सरळ टाकायचा प्रयत्न करत होता, ते आठवतं. दोन पावलं सरळ पडायची, तिसऱ्याला तोल जायचा.

एका पत्रकाराला प्रवीणचा शाळेचा दाखला सापडला. त्यानं छापलं की भैरव देवगावकर बजाजनगरचा आहे, इंग्रजी शाळेत शिकलेला आहे. मला वाटलं, संपलं. प्रवीण दोन तास व्हॅनमध्ये आरशासमोर बसला. मग बाहेर येऊन फोनच्या कॅमेऱ्यात बघून एकच गोष्ट बोलला, "आयुष्यानं माझं समदं घेतलं. आता माझी गरिबी पन घेनार का?" संध्याकाळपर्यंत त्या पत्रकाराला इतक्या शिव्या पडल्या की त्यानं स्वतःच ती बातमी काढून टाकली. गल्लीला सगळं माहीत होतं. पण गल्लीत प्रत्येकाच्या फोनमध्ये त्याच्याबरोबरचा फोटो होता, आणि आपल्यातला एक मोठा झालेला माणूस खोटा आहे असं सांगून कुणाला काय मिळणार होतं?

दारुड्या बापाची गोष्ट चार-पाच वर्षं चालली. मग जुनी झाली. मुंबईच्या एका मोठ्या कार्यक्रमात त्याला विचारलं, "आज वडील तुम्हाला बघत असतील, काय वाटत असेल त्यांना?" मी विंगेत होते. त्याचे तीन श्वास मी मोजले.

"बगत आसंल," तो म्हणाला आणि बोट वर केलं. "वरून."

त्या रात्री बापाच्या नावानं अख्खं सभागृह उभं राहिलं.

अण्णांनी तो कार्यक्रम मुलगी वैशालीकडं बसून पाहिला. वैशाली प्रवीणची मोठी बहीण, दवाखान्यात नर्स, दोन गल्ल्या सोडून राहायची. तिनं टीव्ही बंद केला. अण्णा म्हणाले, "लाव, पुरं बघू दे." पुढच्या आठवड्यात ते पेन्शनसाठी हयातीचा दाखला द्यायला बँकेत गेले. रांगेत गल्लीतलाच एक माणूस होता. तो मोठ्यानं म्हणाला, "अण्णा, तुम्ही तर परवा टीव्हीवर गेलात की!" रांग हसली. अण्णाही हसले. यंत्रावर अंगठा ठेवला तर यंत्र घेईना. जन्मभर लोखंड घासलेल्या माणसाचा अंगठा, त्यावरच्या रेषा झिजलेल्या. पुसून पुन्हा ठेवला, तरी नाही. मागचा माणूस काहीतरी बोलला, पुन्हा हसणं झालं. तिसऱ्या वेळी अंगठा लागला. हे सगळं अण्णांनी मला हसत हसत सांगितलं आणि शेवटी म्हणाले, "बेटा, मला एकदा त्याच्याकडं घेऊन चल."

प्रवीण तेव्हा शहरात आला होता, जालना रोडच्या एका हॉटेलात उतरला होता. खाली पत्रकार होते म्हणून त्याच्या मॅनेजरनं आम्हाला मागच्या, सामानाच्या लिफ्टनं वर नेलं. प्रवीणनं दार उघडलं आणि वाकून बापाच्या पाया पडला. ते खोटं नव्हतं. हे मी मुद्दाम सांगते, नाहीतर तुम्हाला वाटेल तो सगळाच पोकळ होता.

"अण्णा, बीपीची गोळी घेता ना?"

"घेतो. एक काम होतं."

"बोला ना."

अण्णा पलंगाच्या कडेवर बसले होते, दोन्ही हात गुडघ्यांवर. "मेलो म्हणालास, ते राहू दे. त्याचं काही नाही. पण दारूचं तेवढं मागं घे."

प्रवीण माझ्याकडं बघायला लागला. मी खाली बघत होते.

"अण्णा, ते आता नाही काढता येत. त्याच्यावरच सगळं उभं आहे."

"कोण प्यायचं, तुला ठाऊक आहे ना?"

"ठाऊक आहे."

"आणि पोत्याखाली कोण होतं?"

प्रवीण खिडकीशी गेला. तिथून बोलला. आवाज अगदी साधा होता, रागाचा नाही, समजूत घालणारा. "अण्णा, साठ वर्षं ते तुमच्याकडं नुसतं पडून होतं. तुम्ही काय केलंत त्याचं? मी वापरलं."

अण्णा उठले. कॉफी आली होती, ती तशीच राहिली. रिक्षात बसताना म्हणाले, "लहानपणी फार गुणी होता."

महिन्याभरात नव्या सिनेमासाठी एका कॉलेजच्या मैदानावर कार्यक्रम झाला. तीन-चार हजार माणसं. मी मंचाच्या कोपऱ्यात उभी, तोंडात पिना धरलेल्या. शेवटी लोकांनी प्रश्न विचारायचे होते. माईक गर्दीतून फिरत फिरत तिसऱ्या रांगेत गेला आणि तिथं अण्णा उभे राहिले. कुणालाच न सांगता आले होते. वैशालीलासुद्धा माहीत नव्हतं.

"मी दत्तात्रय सोनवणे," ते म्हणाले. माईक फार जवळ धरला होता म्हणून आवाज घुमला. "राहणार बजाजनगर. मी ह्याचा बाप आहे. मी दारू पीत नाही."

पुढच्या रांगेतली काही पोरं खिदळली. कुणीतरी शिट्टी मारली. मी प्रवीणकडं बघितलं. एक श्वास, दोन, तीन. मला खरंच वाटलं, आता बोलेल. इतकं सोपं झालं होतं सगळं. नुसतं "हो" म्हणायचं.

त्यानं मंचावरून खाली उडी मारली. पाय ओढत तिसऱ्या रांगेपर्यंत गेला. गर्दी दुभंगली. त्यानं अण्णांच्या पायावर डोकं ठेवलं, उठला, त्यांच्या हातातला माईक हळूच काढून घेतला.

"मायबापहो, हासू नका," तो म्हणाला. "ह्या बाबाला माझ्यात त्याचा ल्योक दिसला. कुनाचा तरी ल्योक ह्याला टाकून गेला आसंल. मला बाप न्हाई. ह्याला ल्योक न्हाई." त्याचा आवाज नेमका अर्धा फुटला. "आजपासून ह्योच माझा बाप."

गर्दीचा असा आवाज मी कधी ऐकला नव्हता. बाया पदर डोळ्याला लावून रडत होत्या. खिदळणारी पोरं उभी राहून टाळ्या वाजवत होती. प्रवीणनं अण्णांना मिठी मारली होती आणि अण्णांचं तोंड उघडंच राहिलं होतं, काहीतरी बोलायचं होतं पण छातीशी दाबल्यामुळं बोलता येत नव्हतं. मिठीत असताना प्रवीण त्यांच्या कानात काहीतरी बोलला. लोकांना वाटलं असेल धीर देतोय. तो काय बोलला ते अण्णांनी मला नंतर सांगितलं. "अण्णा, घरी जा. गोळीची वेळ झाली."

मी तोंडातल्या पिना काढल्या होत्या. तरी बोलले नाही. पगार चांगला होता आणि अब्बांचे डोळे गेले होते, हे खरं आहे. पण त्याहून खरं हे की त्या क्षणी मी थक्क झाले होते. इतकं सुंदर काम मी त्याच्याकडून कधी बघितलं नव्हतं.

ते चित्रण लाखो लोकांनी बघितलं. परक्या म्हाताऱ्याला बाप मानणारा हिरो. त्याला एका संस्थेनं माणुसकीचा पुरस्कार दिला. मग मॅनेजरनं सुचवलं की हे पुढं चालू ठेवू. दिवाळीत प्रवीण दोन कॅमेरे घेऊन बजाजनगरला गेला, जिथं तो वाढला त्याच घरात. उंबऱ्यात चपला काढून म्हणाला, "बाबा, हितं एकलेच ऱ्हाता का?" भिंतीवर आईचा फोटो होता. त्याच्याकडं बघून त्यानं विचारलं, "ह्या कोन?"

अण्णा म्हणाले, "माझी बायको."

त्यानं हात जोडले. फोटो आधीच उतरवून ठेवायला मी सांगायला हवं होतं. मी विसरले.

त्यानंतर तो दर सणाला यायला लागला. मिठाई, धोतरजोडी, कॅमेरा. वैशाली त्या दिवशी अण्णांच्या घराकडं फिरकायची नाही. एकदा तिनं अण्णांना विचारलं, "तुम्ही दार तरी का उघडता?" मी तिथंच होते. अण्णा बदामाची साल काढत होते, प्रवीणला भिजवलेले बदाम आवडायचे म्हणून.

"येतो तरी," ते म्हणाले.

आधी सहा वर्षांत तो दोनदा आला होता. परका झाल्यावर वर्षातून पाच वेळा यायला लागला.

जानेवारीत एका सकाळी अण्णा आंघोळ करून खुर्चीत बसले ते उठलेच नाहीत. वैशालीचा मला फोन आला. मी म्हणाले, "प्रवीणला?" ती म्हणाली, "तू सांग."

मी सांगितलं. पलीकडून एक आवाज आला, घशातून, खरखरीत, कुठल्याच सिनेमात त्यानं न काढलेला. ऐकवत नव्हता. तो थांबल्यावर त्यानं विचारलं, "किती वाजता नेणार आहेत?" आणि मग, "बाहेर कुणाला कळलंय का?"

तो अकरा वाजता आला. गल्लीच्या तोंडाशी वाहिन्यांच्या गाड्या आधीच उभ्या होत्या. तिरडी दारात तयार होती. वैशालीनं ओली साडी तशीच अंगावर ठेवली होती. प्रवीण पाय ओढत आला, अण्णांच्या पायाशी बसला. पन्नासेक फोन वर झाले. मग तो उठला आणि विस्तवाचं मडकं उचलायला वाकला.

"थांबा," वैशाली म्हणाली. "तुम्ही नका."

तो वाकलेलाच राहिला. लहानपणापासून तिनं त्याला अरेतुरेच केलं होतं.

"ताई," तो म्हणाला.

"पोटच्या पोरानं धरायचं असतं ते. तुम्ही पाहुणे आहात. आलात, बरं वाटलं. मागं चला."

गल्लीतले सगळे लोक उभे होते. प्रत्येकाला माहीत होतं. कुणी घसा खाकरला, कुणी खाली बघितलं. प्रवीण सरळ झाला. त्यानं वैशालीकडं बघितलं, मग फोनांकडं. एकच वाक्य होतं, तीन शब्दांचं, मी ह्यांचा मुलगा, आणि तसलंच वाक्य अण्णांनी त्या मैदानावर इतक्या लोकांसमोर बोलून दाखवलं होतं. त्याच्या ओठांची हालचाल मी बघितली. ह्या वेळी मी श्वास मोजले नाहीत. तो दोन पावलं मागं सरकला.

मडकं वैशालीनं धरलं. तो तिरडीच्या मागं, मॅनेजरच्या बाजूनं, चालत राहिला. स्मशानात सगळ्यांच्या शेवटी त्यानं चितेवर एक लाकूड ठेवलं, परके ठेवतात तसं. धूर त्याच्या अंगावर गेला, तो हलला नाही. त्या वेळी त्याच्या चेहऱ्यावर काहीच नव्हतं. इतक्या वर्षांत मी त्याचा तसा चेहरा बघितला नव्हता आणि मला त्याची भीती वाटली.

मी त्याला शेवटचं बघितलं ते स्मशानाच्या फाटकाशी. त्यानंतर मी काम सोडलं. फाटकाबाहेर माईक घेऊन पोरं थांबली होती. एकानं विचारलं, "भैरवसर, आज काय भावना आहेत?"

त्यानं तोंड पुसलं, वर बघितलं. "काय सांगू," तो म्हणाला. "आज मी दुसऱ्यांदा पोरका झालो." पोरका ह्या शब्दावर आवाज फुटला आणि डाव्या डोळ्यातून पाणी आलं.

त्याच वेळी रस्त्यावरून एक ट्रक हॉर्न वाजवत गेला. कॅमेरावाला पोरगा ओशाळला. "सर, सॉरी, आवाज खराब झाला. एकदा परत घेता येईल का?"

वैशाली तीन हातांवर पाण्याच्या टाकीशी पाय धूत होती. त्यानं तिच्याकडं बघितलं, मग डोळे पुसले आणि कॅमेऱ्याकडं वळला.

दुसऱ्या वेळी जास्त चांगलं झालं.